रमाईची लेकरं, माझी लेक आणि सिकलसेल

(रमाई जयंतीनिमित्त भिलाईतल्या एका बुद्ध विहारात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्यात आलेली वऱ्हाडी-छत्तीसगढी वाक्यं तशीच ठेवली आहेत.)



पत्रिकेवर माझ्या नावासमोर ‘त्यागमूर्ती माता रमाई’ असा विषय छापला आहे. या विषयावर इथे दरवर्षी भाषणं होतात. याच सतरंजीवर आईच्या मांडीवर बसून मी ती ऐकली आहेत. थापलेल्या गोवऱ्या, ठिगळाचं लुगडं, धारवाडच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी काढून दिलेल्या बांगड्या. हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. म्हणून मंडळाच्या ताईंना मी कालच सांगून ठेवलं की मी रमाईंच्या लेकरांविषयी बोलेन, आणि मग माझ्या लेकराविषयी. त्या म्हणाल्या, बोल, पण वेळेत संपव, मागे खिचडी थंड होते.

रमाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ चा. त्यांना पाच लेकरं झाली. यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. त्यातले एकटे यशवंतराव जगले. शेवटचा राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला. त्यानंतर महिन्याभराने बाबासाहेबांनी आपले मित्र दत्तोबा पवार यांना पत्र लिहिलं. मी ते वाचायला घेते आणि दर वेळी अर्ध्यावर ठेवते. तेव्हा बाबासाहेब बॅरिस्टर झालेले होते, लंडनची डी.एस्सी. मिळालेली होती. त्या काळात एवढं शिकलेला माणूस या देशात विरळा. आणि परळच्या चाळीतल्या त्या खोलीतून चार लेकरं गेली.

आपण त्याला त्याग म्हणतो. मला हा शब्द इथे बसत नाही. बांगड्या देणं त्याग असेल, उपाशी राहणं त्याग असेल. लेकरू कोणी त्यागत नाही. लेकरू जातं, आणि आई मागे राहते. त्या मागे राहिलेल्या बाईचं काय झालं असेल, ती रात्री कशी झोपली असेल, तिच्याशी कोण बोललं असेल, हे आपण एकाही भाषणात विचारत नाही. आपण तिला हार घालतो आणि सुनांना सांगतो, रमाईसारखी सोस.

मला हे बोलायचा हक्क एवढ्यासाठी वाटतो की माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे आणि तिला सिकलसेल आहे. एसएस. आपल्या लाइनीतल्या बऱ्याच जणींना माहीत आहे, काहींना आज कळतंय. लपवायचं नाही असं आम्ही नवरा-बायकोने ठरवलं आहे. तुमच्यातल्या किमान दोन-तीन घरांत हेच आहे आणि ती घरं गप्प आहेत, हेही मला माहीत आहे. नावं घेणार नाही, घाबरू नका.

आधी आजार काय आहे ते सांगते, कारण त्याच्याबद्दल ऐकीव फार आहे. आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल असतात, मऊ असतात, बारीक नळीतूनही वाकून निघतात. सिकलसेलच्या माणसाच्या पेशी कोयत्यासारख्या, विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. त्या लवकर मरतात म्हणून रक्त कमी राहतं, डोळे पिवळे दिसतात. आणि त्या बारीक नळ्यांत अडकतात, म्हणून दुखतं. हे दुखणं मी शब्दांत सांगू शकत नाही. मला बाळंतपणाच्या कळा आठवतात, आणि माझी मुलगी दोन वर्षांची असताना मांडीचं हाड धरून ज्या आवाजात रडली, तो आवाज त्या कळांच्या पलीकडचा होता.

मी बी.एस्सी. आहे. बारावीच्या जीवशास्त्रात हा धडा होता. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं. मला तो प्रश्न आला होता आणि मी पूर्ण मार्क घेतले होते. त्या पानावर गोल पेशी होती, वाकडी पेशी होती, बाण होते. हा आजार या वर्गात बसलेल्या मुलींच्या घरात असू शकतो, असं मात्र त्या पानावर कुठे नव्हतं. धडा शिकवतानाही कोणी म्हणालं नाही. पुस्तक वाचून मला वाटलं होतं की हा आफ्रिकेतला आजार.

भारतात तो पहिल्यांदा १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातल्या लोकांत सापडला. सहाच वर्षांनी, १९५८ मध्ये, मध्य भारतात, म्हणजे आपल्या नागपूरच्या बाजूला, तो असल्याचं छापून आलं. विदर्भात महार, परधान, गोंड, तेली, कुणबी या समाजांत तो आहे. छत्तीसगडात साहू, कुर्मी, अघरिया यांच्यात आहे, आदिवासींत आहे. याचं कारण कोणाचं पाप नाही. ज्या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता, तिथे हा बदल एकाच बाजूने मिळालेल्या माणसाला मलेरियापासून वाचवतो. १९५४ साली अ‍ॅलिसन नावाच्या डॉक्टरने हे दाखवून दिलं. म्हणजे आपले जे पूर्वज जंगलाच्या कडेला, गावाबाहेर, डबक्याकाठी राहून जगले, त्यातले काही याच्यामुळे जगले. हे कळलं तेव्हा मला जरा बरं वाटलं. का वाटलं ते नीट सांगता येत नाही.

एकाच बाजूने मिळालं तर त्याला वाहक म्हणतात, कागदावर एएस. वाहक माणूस आजारी नसतो. तो शेतात राबतो, प्लांटात शिफ्ट करतो, म्हातारा होतो, त्याला कळतही नाही. दोन्ही बाजूंनी मिळालं तर एसएस, म्हणजे आजार. मी एएस आहे. माझा नवरा एएस आहे.

हे आम्हाला कसं कळलं? मुलगी नऊ महिन्यांची असताना तिचे हातपाय सुजले. दोन्ही हातांची बोटं टम्म, पाय टेकवेना. बाळ पोटात असताना त्याचं रक्त वेगळ्या प्रकारचं असतं, ते पहिले काही महिने त्याला सांभाळतं. म्हणून सहा महिन्यांनंतरच हे दिसायला लागतं, आणि हातापायांची सूज ही पुष्कळदा पहिली खूण असते. हे आता माहीत आहे. तेव्हा एका दवाखान्यात वात सांगितला, दुसरीकडे रक्त कमी आहे म्हणून टॉनिक दिलं. शेजारची काकी छत्तीसगढी आहे, आजीच्या वयाची. ती रोज विचारायची, “नोनी ला का होगे ओ?” आणि बैगाकडे नेऊन झाडून आणायचा आग्रह करायची. मायेपोटीच. पाच महिने असे गेले. मग एका तरुण डॉक्टरीणबाईने विचारलं, “तुमचं मूळ गाव कोणतं?” मी म्हटलं, माझं भंडारा जिल्हा, नवऱ्याचं गोंदिया. तिने पेन काढलं आणि हिमोग्लोबिनची तपासणी लिहून दिली. एवढा एक प्रश्न होता.

हा गावाचा प्रश्न आपल्याला एरवी दुसऱ्या कारणासाठी विचारला जातो. माझे आजोबा भिलाईत आले तेव्हा प्लांट बांधला जात होता. रशियाबरोबरचा करार १९५५ चा, पहिली भट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली ती ४ फेब्रुवारी १९५९ ला. त्याच्या मधल्या काळात आजोबा डोक्यावर माती वाहत होते. आता जातीचा दाखला काढायला गेलं की १० ऑगस्ट १९५० ला तुमचं घर कुठे होतं ते मागतात. त्या दिवशी भंडारा आणि दुर्ग एकाच राज्यात होते, मध्य प्रदेशात, आणि राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला सीमा बदलली. आजोबा त्यानंतर आले, म्हणून ते परराज्यातले. नातवंडं इथे जन्मली तरी तहसीलच्या चकरा चालूच. कागद इथवर आले नाहीत. रक्त मात्र काही न विचारता आलं.

हे जरा विषयाबाहेर गेलं. पण इथे बसलेल्या पदवीधर पोरींना माहीत आहे मी काय म्हणते ते. घरातला पहिला पदवीधर म्हणजे घराचं कार्यालय. दाखले आपण काढायचे, बँकेचे फॉर्म आपण भरायचे, आणि डॉक्टरने इंग्रजीत लिहिलेला रिपोर्ट आपण वाचून सगळ्यांना सांगायचा. माझ्या मुलीचा रिपोर्टही मीच वाचला. पॅथॉलॉजीच्या काउंटरवर उभी राहून वाचला. समजवून सांगणारं दुसरं कोणी नव्हतं आणि घरी जाऊन समजवून सांगायचं कामही माझंच होतं.

घरी सासूबाई पहिलं वाक्य बोलल्या ते असं, “आमच्या घरात असं कोनालेच नोतं.” या वाक्याचा अर्थ प्रत्येक सुनेला कळतो. मी भांडले नाही. मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि नवऱ्याला म्हटलं, तुझ्याकडचे सगळे मांड. आजोबा, आजी, काका, मामा, जे मेले तेही. कोण किती वर्षांचं होऊन गेलं, कशाने गेलं. सासूबाई आधी लांब बसल्या होत्या. मग जवळ आल्या. मग सांगायला लागल्या. त्यांना एक धाकटा भाऊ होता. त्याची हाडं दुखायची, पावसाळ्यात जास्त. डोळे नेहमी पिवळे. पोट फुगलेलं. लोक पंडू म्हणायचे. पोटावर तीन वेळा तापलेल्या सळईचे डाग दिले होते. चौदाव्या वर्षी गेला. या भावाचं नाव माझ्या नवऱ्याने तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. पन्नास वर्षं झाली होती त्या गोष्टीला आणि सासूबाई त्या रात्री माझ्याजवळ बसून अशा रडल्या की मीच त्यांना पाणी दिलं. म्हणाल्या, “त्याले कोनी इचारलंच नाई का तुले काय होते म्हनून.”

त्यानंतर त्या एकदाही म्हणाल्या नाहीत की हे सुनेकडून आलं. आता वस्तीत दुसऱ्या कोणाच्या सुनेला कोणी बोललं तर त्याच सांगतात, दोघांकडून यावं लागते बाई, एकट्या बाईकडून येत नाई.

तर हा आजार दोन्हीकडून यावा लागतो. दोघं वाहक एकत्र येतात कसे? इथे मला बाबासाहेब आठवतात. ९ मे १९१६ ला, पंचवीस वर्षांचे असताना, त्यांनी कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला. त्यांचं म्हणणं होतं की जातीचं मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. आपण हे परीक्षेला लिहितो. आता हिशेब करून बघा. समजा एखाद्या समाजात दर पाच माणसांत एक वाहक आहे, आणि लग्नं त्याच समाजात होतात. तर पंचवीस जोडप्यांपैकी एका जोडप्यात दोघंही वाहक निघणार. आणि वाहक जोडप्याच्या प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता चारात एक. म्हणजे शंभर बाळांमागे एक बाळ. समाज जेवढा बंद, तेवढा तो आकडा तिथेच राहणार.

आणि आपण किती बंद आहोत? दीक्षा घेऊन किती वर्षं झाली. आपल्याच वधू-वर मेळाव्यात अजून हळूच विचारतात, बावणे का कोसरे? लाडवण आहेत का? माझ्या लग्नाच्या बोलणीत हे विचारलं गेलं, आणि पोटजात जुळली म्हणून सगळे खूश झाले. रक्ताचं एक साधं कार्ड कोणी मागितलं नाही.

याचा अर्थ जातीबाहेर लग्न केलं की सिकलसेल होत नाही, असा कोणी घेऊ नका. शेजारच्या साहूच्या मुलात तो असू शकतो, कुर्मीच्या मुलीत असू शकतो. जातीबाहेरचं लग्न मला इतर शंभर कारणांसाठी हवं आहे. आजारासाठी हवी ती तपासणी, दोघांची. दुसरी भीती मला या कार्डाचीच वाटते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ ला सिकलसेलची मोहीम सुरू केली, २०४७ पर्यंत आजार संपवायचा म्हणतात, सात कोटी लोकांची तपासणी करायची म्हणतात, तपासल्यावर कार्ड देतात. मोहिमेचा भर आदिवासी भागावर आहे. आमच्यासारख्या शहरातल्या वस्त्यांना स्वतः चौकशी करावी लागते. तेही करू. पण कार्ड हातात आलं की पत्रिकेसारखं वापरलं जाईल. एएस लिहिलेली मुलगी परत पाठवतील, आणि मुलाचं कार्ड कोणी मागणारच नाही. असं एक लग्न मोडलेलं मला माहीत आहे. मुलगी वाहक होती, पूर्ण निरोगी. मुलाने तपासूनच घेतलं नाही. त्याचा रिपोर्ट साधा आला असता तर त्यांच्या एकाही मुलाला हा आजार झाला नसता. एवढं समजवायला तिथे कोणी नव्हतं.

आता थोडं आईविषयी, म्हणजे माझ्याविषयीच.

मुलगी तिसऱ्यांदा भरती झाली तेव्हा मी एका खाजगी शाळेत शिकवत होते. जेवढे दिवस गैरहजर तेवढा पगार कापला जायचा. नवरा ठेक्यावर आहे, त्याचंही तसंच. वडील प्लांटात कायम होते, आम्ही भावंडं लहानपणी कंपनीच्या औषधांवर वाढलो. त्यांच्या मेडिकलच्या पुस्तकात मुलीची मुलगी बसत नाही. एकाच घरात एक पिढी मागे कायम नोकरी होती आणि पुढे ईएसआयचं कार्ड आहे. ज्यांनी प्लांट बांधला त्यांची नातवंडं त्याच गेटातून ठेकेदाराच्या पासवर आत जातात. हे तुम्हाला नवीन नाही.

त्या दिवसांत मी जेवायची नाही. भूकच लागायची नाही. मुलगी झोपली तरी मला झोप यायची नाही, तिचा श्वास मोजत बसायची. माझ्याशिवाय हिचं बरं होईल, असं मनात यायला लागलं. घरात कोणाला सांगितलं तर उत्तर ठरलेलं, तुला काय झालं, शिकलेली बाई तू, रमाईने चार लेकरं दिली. शाळेतल्या एका सहकारी बाईने माझं तोंड बघून मला मनोविकाराच्या डॉक्टरकडे नेलं. सहा-सात महिने औषध घेतलं. मी वेडी नव्हते आणि नाही. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत. ज्यांच्याकडे नेणारी सहकारी बाई नाही, त्यांनी तो मोबाईलमध्ये घालून ठेवा. आत्ता घाला, मी थांबते.

बाबासाहेबांना आईचं दुःख घरातच माहीत होतं. त्यांनी त्याचं काय केलं बघा. २८ जुलै १९२८ ला मुंबईच्या कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं, तेव्हा ते त्याच्या बाजूने उभे राहिले. राजरत्नला जाऊन दोनच वर्षं झाली होती. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळण्यात सगळ्या समाजाचं हित आहे, तर त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे, आणि तोवर मालकाने उचलला तरी योग्यच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. दहा वर्षांनी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव विधानसभेत मांडला. सततच्या बाळंतपणांनी बायकांची प्रकृती कशी ढासळते, हे त्यात होतं. ठराव पडला. १९४२ च्या जुलैत नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची परिषद झाली, तिथेही त्यांनी हजारो बायकांना मुलांचं शिक्षण, लग्नाची घाई न करणं, नवऱ्याशी मैत्रिणीच्या नात्याने वागणं याच गोष्टी सांगितल्या. सोसा, असं त्यांनी कुठे सांगितलं मला तरी सापडलं नाही. सोसावं लागू नये म्हणून कायदा मागितला.

आणि त्यांच्याही आधी मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेतली मांगाची पोर. १८५५ मध्ये तिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. महार-मांगांच्या दुःखांविषयी लिहिताना तिने आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडी-पावसाने त्यांचे काय हाल होतात, हे लिहिलं. शाळकरी मुलीला ते लिहावंसं वाटलं. आपल्या साहित्याची सुरुवातच बाळंतिणीच्या हालांपासून आहे, असं मी म्हणते. तज्ज्ञ मंडळी नाही म्हणतील.

आता आमचं घर कसं चालतं ते सांगते, कारण त्याचा कोणाला उपयोग होईल. सकाळी पाण्याची बाटली, दुपारी पाण्याची बाटली. भिलाईच्या उन्हाळ्यात पाणी हेच पहिलं औषध. रोजच्या गोळ्या, त्यात हायड्रॉक्सियुरिया आहे, त्यासाठी ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागतं. थंडीत गार पाण्याने आंघोळ नाही, पावसात भिजणं नाही. ताप १०१ च्या पुढे गेला की घरी क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, सरळ दवाखाना. पोटात डावीकडे बरगडीखाली पानथरी असते, डॉक्टर तिला प्लीहा म्हणतात. ती अचानक वाढली आणि पोर पांढरी पडली तर एका तासाचाही उशीर चालत नाही. ती हाताने चाचपून कशी बघायची हे माझा नवरा माझ्याआधी शिकला. रात्रपाळीहून आला की बूट काढायच्या आधी हात धुऊन तिचं पोट बघतो. पुरुषांनी काय करायचं असं विचारणाऱ्यांसाठी हे सांगते.

शाळेला आम्ही एक पत्र लिहून दिलं आहे. तिला वर्गात पाणी पिऊ द्या. लघवीला केव्हाही जाऊ द्या, कारण अशा मुलांची लघवी रोखून राहत नाही, रात्री अंथरूणही ओलं होतं, त्यात लाडावणं किंवा आळस नाही. हिवाळ्याच्या सकाळी मैदानात उभं करू नका. पाय दुखतो म्हणाली तर खरं माना. हे शेवटचं वाक्य मी तीन वेळा खोडून लिहिलं. आपल्या मुलांच्या दुखण्यावर लवकर विश्वास ठेवला जात नाही. नाटक करते, अभ्यास टाळते, घरचे लोक असेच. एवढ्याशा मुलीला स्वतःचं दुखणं सिद्ध करावं लागू नये, म्हणून कागद.

तिला आम्ही सांगितलं आहे की तुझ्या रक्तात काही गोल पेशी आहेत आणि काही चंद्रकोरीसारख्या. तिने विचारलं, चंद्र पूर्ण कधी होईल? मला उत्तर आलं नाही. नवरा म्हणाला, चल, मैत्रीबागेत पांढरा वाघ बघू. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत गेलो.

आणखी एक प्रश्न मला रोज कोणी ना कोणी विचारतं, म्हणून सगळ्यांसमोर बोलते. दुसरं बाळ कधी? दोघंही वाहक असलो की प्रत्येक खेपेला हिशेब नवा. पहिलीला आजार आहे म्हणजे पुढचे तीन सुटले, असं नसतं. गर्भात असतानाच अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास तपासता येतं. ते करून पुढे काय करायचं, हे त्या आईबापांनी ठरवायचं. कोणी मला म्हणतं, दुसरं होऊ दे, त्याचा बोनमॅरो मोठीला चालेल. वैद्यकशास्त्रात तशी सोय आहे, भावंडाचा जुळला तर. पण एखाद्या बाळाला जन्मायच्या आधीच कामाला लावायचं, हे माझ्या मनाला पटत नाही. नवऱ्याला पटतं. आमचं यावर भांडण होतं, मग दोन दिवस बोलणं बंद, मग पुन्हा तोच विषय. अजून ठरलेलं नाही. कृपा करून आम्हाला ठरवू द्या.

कायद्याचं एक सांगायचं राहिलं. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात जे एकवीस प्रकार आहेत त्यात सिकलसेल आहे. प्रमाणपत्र निघतं, काढून ठेवा. शाळा-कॉलेजात त्याचा उपयोग आहे. सरकारी नोकरीत अपंगांसाठी जे चार टक्के आहेत, त्यात मात्र रक्ताचे आजार धरलेले नाहीत. वकिली शिकणाऱ्या पोरी इथे तीन-चार बसल्या आहेत, त्यांच्यासाठी हे काम मी मांडून ठेवते.

बाहेर दाराजवळ टेबल लावलं आहे, दोन नर्सताई बसल्या आहेत. बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतील. पहिल्या चाचणीत काही निघालं तर पक्कं करायला दुसरी तपासणी लागते, तिचा पत्ता त्या देतील. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना ही चाचणी चालत नाही, त्यांना आणू नका. लग्नाळू मुलांनी आणि मुलींनी दोघांनीही यायचं. मुलांनी आधी. माझे सासरे पहिल्या नंबरला उभे राहणार आहेत, त्यांनी सकाळपासून तीनदा विचारलं की उपाशीपोटी लागतं का. लागत नाही. खिचडी खाऊन या.

जयभीम.